दाऊदच्या कानासाठी दोन इंजिनं

आषाढातला पहिला रविवार, दुपारी चारनंतर. जागा: येसूदादाची पडवी, खाडीकाठ. हजर: यशवंत ऊर्फ येसूदादा, माझा थोरला भाऊ, खाडीवरच्या प्रवासी होडीचा मालक आणि तांडेल (सुकाणूवाला), सांगणारा तोच, लतावहिनी, त्याची बायको, दाऊदभाई, होडीचे इंजिन ड्रायव्हर, दादाच्या वयाचेच, हलीमाभाभी, दाऊदभाईंची बायको, चहापुरती, आणि मी, सुमन, मांडवीहून आलेली, लिहून घेणारी. गैरहजर: स्नेहल, दादाची मुलगी, नोकरीनिमित्त पुण्याला. पावसामुळे होडी बंद, वर ओढलेली. होडीला नवं इंजिन कुठलं घ्यायचं ते कसं ठरलं, एवढंच दादाने सांगायचं होतं.

आता इंजिनाचं सांगायचं तर बाबांपासून सांगावं लागेल, तू तोंड वाकडं करू नको सुमे, तुला माहीत आहे म्हणून वाचणाऱ्याला माहीत असतं असं नाही. बाबा वल्ह्याने माणसं उतरवायचे. खाडी काय फार रुंद नाही, या काठावरून त्या काठावरचा माणूस कोण आहे ते चालीवरून ओळखता येतं, पण ओहोटीची ओढ लागली की तीच खाडी लांबते, रबरासारखी लांबते, आणि बाबा वल्हं मारून मारून छातीने गेले म्हणजे गेलेच म्हणायचं, खोकला काय सुटला नाही शेवटपर्यंत. आई म्हणायची, बास झालां तां वल्हां, आता एक इंजिन घ्या. बाबा म्हणायचे इंजिन घेतलं तर चालवणार कोण, आणि आई म्हणायची, आधी घ्या तरी, चालवणारा येईल. आणि इंजिन आलं. आलं, बसवलं, आणि आईचं नाव होडीला दिलं, भागीरथी, आणि चालवायला कुणालाच येईना. बाबा त्याच्यासमोर पाहुण्यासमोर बसावं तसे मांडी घालून बसायचे. हँडल मारायचं आणि ते एकदा खोकायचं आणि गप्प. बाबा म्हणायचे, माझाच खोकला घेतलान की काय याने.

तेव्हा खालच्या मोहल्ल्यात हसनचाचा होते, मोठ्या बोटीवर इंजिन रूममध्ये काम केलेले, सगळ्या बंदरांची नावं घ्यायचे. ते म्हणाले, माझा दाऊद देतो आठवडाभर, शिकून घ्या आणि परत पाठवा. तो आठवडा अजून संपलेला नाही. बघ, हसतोय तो. माझे ओठ वाचतोय तो, त्याच्यासमोर काय चोरून बोलता येत नाही.

तर दाऊद आला. काटकुळा, खांद्यावर तेलकट फडका, आणि आला तो माझ्याशी बोललाच नाही, आधी इंजिनाशी बोलला. हात फिरवला, खाली वाकून वास घेतला, मग मला म्हणाला, याला म्हातारा म्हणायचं, म्हातारे लोक लाडाने चालतात. नवं कोरं इंजिन, आणि नाव म्हातारा. तेच नाव राहिलं. हँडल मारताना तो त्याला काय काय सांगायचा, चल बाबा, लोक खोळंबलेत, मास्तरणीची शाळा आहे, म्हावरं नासेल, आणि खरंच सांगतो, दुसऱ्याने मारलं की नाही चालू व्हायचा तो म्हातारा, दाऊदने मारलं की व्हायचा.

आता आमची कामाची रीत सांगतो, ती समजली नाही तर पुढचं काही समजणार नाही. मी वर, सुकाणूला. दाऊद खाली, इंजिनाच्या खणात, वरून फक्त त्याचं डोकं दिसतं. त्याला बाहेरचं दिसत नाही, मला आतलं करता येत नाही. मध्ये घंटी. माझ्याकडून दोरी खाली जाते आणि घंटीला बांधलेली. एक टोल म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे, आणि वाजतच राहिली तर ज्याला जो देव आठवेल तो. सगळ्या जुन्या होड्यांवर हीच रीत. पण म्हाताऱ्याचा आवाज म्हणजे, तू बसली आहेस, तुला माहीत आहे, बायका धक्क्यावर गप्पा मारायला लागल्या की म्हाताऱ्याच्या आवाजात गप्पा बंद आणि पलीकडे उतरल्यावर जिथे तुटल्या तिथून परत चालू. आम्ही पंधरा मिनिटं बसायचो आणि उतरायचो, पण दाऊद दिवसभर त्याच्याच शेजारी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, वर्षानुवर्षं, त्या आवाजाला कान लावून, कारण आवाजावरूनच त्याला कळायचं म्हाताऱ्याला काय दुखतंय.

कान गेले ते असे गेले. आधी डावा. आम्हाला कळलंसुद्धा नाही, त्यालाही नाही. मी तीन टोल दिले, त्याने दोनच धरले, आणि होडी धक्क्याला लागली, लागली म्हणजे, जाऊ दे, दोन टोपल्या बांगडा पाण्यात गेला आणि कोळणींनी माझ्या सात पिढ्या काढल्या. असं दोनदा झालं. तेव्हा दाऊदनेच उपाय काढला. म्हणाला, घंटी काढ, दोरी माझ्या मनगटाला बांध. एक हिसका, दोन हिसके, तीन हिसके. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एक चूक नाही. उलट नवीन हिसके तयार झाले. हलका लांब हिसका म्हणजे चहा येतोय. थरथरता हिसका म्हणजे सरपंच चढलेत, विडी टाक. लोकांनी काय कमी थट्टा केली? पार्वतीकाकी टोपली खाली ठेवत म्हणायची, काय रे येसू, बैल पळान जाईल म्हणून दावां बांधलंस काय? आणि हलीमाभाभी एकदा धक्क्यावर आली, मला म्हणते, भाऊजी, ती दोरी कुठल्या दुकानातली? मी म्हटलं का गो भाभी? म्हणते, मला पण एक द्या, घरात याला हाक मारून मारून माझा गळा बसलाय, चुलीपासून खाटेपर्यंत पुरेल एवढी द्या. हसू नको गो भाभी, बोललीस की नाय तू असं?

आणि तो आवाज नुसता आमचा नव्हता. पलीकडच्या वाडीतली माणसं म्हाताऱ्याच्या आवाजावर घरातून निघायची. इकडून आवाज सुटला की तिकडे चपला घालायच्या, आवाज खाडीच्या मध्यावर आला की दार ओढून घ्यायचं, आणि होडी टेकते तेव्हा माणूस धक्क्यावर हजर. घड्याळ कुणी बघत नाही. म्हणून बिनआवाजाच्या इंजिनाची गोष्ट निघाली तेव्हा पहिला प्रश्न लोकांनी हाच विचारला, होडी आली हे आम्हाला कळणार कसं? डिझेल किती वाचेल कुणी विचारलं नाही.

निघाली कशी ते सांगतो. गेल्या वर्षी म्हातारा खरंच म्हातारा झाला. धूर काळा, पाणी गळतंय, आणि उतारूंना उतरवताना बंद केला की परत चालू होईल याची खात्री नाही, म्हणून आम्ही तो बंदच करायचो नाही, उतारू येईपर्यंत धक्क्याला उभा राहून तसाच धडधडत ठेवायचा, फुकट डिझेल, फुकट आवाज. पालीला एक मेकॅनिक आहे, कोल्हापूर रस्त्यावर, जुन्या इंजिनांचा जाणकार, त्याला आणून दाखवला. त्याने बॅटरी मारून बघितलं आणि दाऊदकडे बघून हळूच मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. ब्लॉकला चीर गेली होती. म्हणाला, ओढेल अजून थोडे दिवस, पण खाडीच्या तोंडाशी भर ओहोटीत बसला तर माणसं कुठे नेशील? तेवढं पुरे झालं मला.

आणि त्याच महिन्यात भाभीने दाऊदला कानाच्या डॉक्टरकडे नेला होता. उजवा कान निम्मा शिल्लक आहे असं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता इंजिनाच्या आवाजात बसणं बंद करा, नाहीतर हाही जाईल, आणि मग मशीन लावून पण उपयोग नाही. हे दाऊदने मला सांगितलं नाही. भाभीने सांगितलं, आणि म्हणाली भाऊजी, तुमचं तो ऐकतो. मी म्हटलं, ऐकतो कुठे गो, हिसका कळतो त्याला.

स्नेहल तेव्हा सुट्टीला आलेली. देवरूखला शिकली, आता पुण्याला इंजिनांच्याच कारखान्यात आहे, तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली बाबा, हायब्रीड बघा. मी म्हटलं ते गाड्यांचं ना? म्हणाली होड्यांचं पण आलंय, डिझेल आणि विजेची मोटर दोन्ही. मी म्हटलं मग नुसती वीजच घेऊ की, तर म्हणाली तुमच्या धक्क्यावर वीज दिवसातून किती वेळा जाते ते आठवा आणि पौर्णिमेच्या ओहोटीत बॅटरी मध्येच संपली तर काय कराल ते सांगा. मग ती तिथे खाली बसली, तांदूळ निवडायचं सूप होतं लताचं, त्यात तांदळाच्या रेघा काढून मला समजावलंन. दोन प्रकार असतात. एकात डिझेल इंजिन नुसतं वीज तयार करतं आणि पाण्यातला पंखा कायम मोटरच फिरवते. डिझेल कुठेही ठेवा, पेटीत बंद करा, आवाज जवळपास नाहीच. दुसऱ्यात दोघंही पंख्याच्या एकाच दांड्यावर असतात, मध्ये क्लच. भरतीबरोबर जायचंय, मोटर लाव. ओढ उलटी आहे, क्लच टाक, डिझेल लाव, ते पंखा पण फिरवतं आणि बॅटरी पण भरतं. पण डिझेल लावलं की आवाज आला, पूर्वीपेक्षा कमी, पण आला.

लता सगळं ऐकत होती, ती म्हणाली पहिला घ्या की, त्याच्या कानाला बरा. मी पण तसंच म्हटलं. पैशाचं सगळं लताने बघितलंय, सोसायटी आणि काय ते, त्यात मी पडत नाही. माझं एकच होतं, दाऊदचा उरलेला कान. मनात ठरलं होतं, आवाज नसलेलं घ्यायचं. आणि तिथेच फसलो.

इंजिनाच्या कंपनीचा विक्रीचा माणूस पहिल्या प्रकारची एक होडी घेऊन भाट्याच्या खाडीत आला, दाखवायला. मांडव घातलेला, छोटासाच, टेबल, थंड पाण्याच्या बाटल्या, फलक. माणूस वाईट नव्हता, गोड बोलणारा, त्याचं कामच ते. मी, स्नेहल, दाऊद गेलो. होडी छान होती, स्वच्छ, इंजिनाचा खण म्हणजे देवघर, तेलाचा डाग नाही. दाऊद खाली उतरला, चप्पल काढून उतरला, आणि स्नेहल वर बटणं बघत होती. मी आणि तो साहेब मांडवात. तो मला म्हणाला, काका, सगळ्यात मोठा फायदा सांगू का, यात इंजिन ड्रायव्हर लागतच नाही. सुकाणूवाला एकटा वरूनच सगळं करतो. तो तुमचा माणूस आहे ना खाली, त्याचा पगार वाचला. असं म्हणाला आणि दाऊदकडे बोट केलंन. त्याला काय माहीत. त्याला वाटलं बहिरा माणूस आहे, एवढ्या लांबून काय ऐकणार. आणि दाऊद वर बघत होता, सरळ त्याच्या तोंडाकडे.

मी काही बोलायच्या आत स्नेहलने वरून खूण केली, मोटर चालू केली म्हणून. आता बघ, दाऊदला इंजिन चालू आहे हे कशाने कळतं? तळपायाने. फळीला तळपाय टेकले की थरथर येते, कान गेल्यापासून तीच त्याची घंटी. त्याने पाय टेकले. काही नाही. हात ठेवला झाकणावर. काही नाही. म्हणजे बंद. आणि म्हातारा अडकला की आम्ही काय करतो, हातभर लिव्हर आहे तो पूर्ण पुढे ढकलायचा आणि मागे ओढायचा, क्लच मोकळा करायचा, मग हँडल मारायचं. याने तेच केलं. इथे खाली अडीअडचणीला ठेवलेला लिव्हर छोटा, बोटाने सरकणारा. याने म्हाताऱ्याच्या हिशेबाने ढकलला. होडी अशी उडाली, अशी उडाली, आवाज काही नाही, नुसतं पाणी मागे फेकलं गेलं. आणि होडी बांधलेली कशाला, तर त्यांच्याच माणसाने, आता काय, बंदच आहे म्हणून, मांडवाच्या बांबूला. मांडव गेला. फलक, कापड, टेबल, बाटल्या, सगळं होडीच्या मागून खाडीत, आणि तो साहेब खुर्चीवर तसाच बसलेला, डोक्यावर छप्पर नाही, हातात माझ्यासाठी उघडलेली बाटली. स्नेहलने वरून बंद केली म्हणून, नाहीतर लग्नाच्या वरातीसारखे निघाले असते समुद्रात.

कुणाला लागलं नाही. त्या साहेबाने पण मोठेपणाने घेतलं, म्हणाला होतं असं. पण दाऊद वर आला, चप्पल घातली, आणि मला म्हणाला, बरोबर बोलला तो माणूस. यात ड्रायव्हर लागत नाही. आणि बसने घरी गेला. आमच्याबरोबर आला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. भाभीकडून कळलं, मुलगा कुवेतला आहे तो कधीपासून बोलावतोय, तिथे जाऊन राहणार म्हणतात. मी एका पोराला, म्हणजे पोर कसला, पस्तिशीचा आहे तो वासू, त्याला खाली बसवला. चांगला आहे, कान ठणठणीत, घंटी परत बांधली. पण माझा हात दर वेळी दोरीला हिसका देतो आणि खाली घंटी वाजते, आणि मला वाटतं हे काय वाजलं मध्येच. पार्वतीकाकी चढली, खाली वाकून बघितलंन, मला म्हणाली, बैल खंय गेलो? आणि टोपली ठेवून बसली, थट्टा पुढे केली नाही तिने.

आता माझी अडचण बघ. साधं डिझेल घेतलं, म्हाताऱ्यासारखं, तर दाऊद उद्या हसत येतो आणि दोन वर्षांत ठार बहिरा होतो. आवाज नसलेलं घेतलं तर कान राहतो, पण दाऊद राहत नाही, कान घेऊन कुवेतला जातो. ज्याच्यासाठी घ्यायचं तोच नसेल तर मी काय करू त्या शांततेचं?

गेलो त्याच्या घरी. खालच्या मोहल्ल्यात, संध्याकाळच्या वेळी, सगळे ओट्यावर बसलेले. आणि बहिऱ्या माणसाशी भांडण कसं करायचं सांग. काही खाजगी राहतच नाही. मी ओरडलो, तुला कुणी काढलं नाही. तो ओरडला, मग आणतोस कशाला ते? मी ओरडलो, तुझ्या कानासाठी. आणि शेजारून करीमभाई ओट्यावरून ओरडले, बरोबर आहे येसू, घे हायब्रीड. समोरून त्यांची सून म्हणाली, पण म्हाताऱ्याच्या आवाजावर माझी मुलं शाळेला उठतात त्याचं काय? एकजण म्हणाला बॅटरी खाऱ्या हवेत टिकत नाही, दुसरा म्हणाला त्याच्या मेव्हण्याने दुबईत बघितल्यात, टिकतात. अर्धा मोहल्ला गोळा झाला, आमचं भांडण राहिलं बाजूला, सभाच भरली. भाभी आतून चहा घेऊन आली तेव्हा तिला समजेना किती कप करायचे. शेवटी दाऊद उठला, सगळ्यांना हाताने गप्प केलं, आणि मला विचारलंन, हळू विचारलंन, बहिऱ्या माणसाला हळू किती ते कळत नाही म्हणून सगळ्यांनी ऐकलं ते, म्हणाला, येसू, माझ्या पायाला जे कळत नाही ते मी चालवू कसं?

मी म्हटलं, एकदा ये. मांडव नाही, साहेब नाही. आपली खाडी, मी आणि तू. नाही जमलं तर मीच तुला विमानात बसवतो. यायला तयार झाला, भाभीने डोळे वटारले म्हणून, माझ्यामुळे नाही.

त्या विक्रीच्या माणसाने परत एकदा होडी दिली, भला माणूस, म्हणाला फक्त कशाला बांधताय ते बघा. स्नेहल आली होती मुद्दाम. दुसऱ्या प्रकारची होडी मागवली होती तिने, दोघं एका दांड्यावर असलेली, क्लच खालून टाकायची. आणि खालच्या खणात तिने दाऊदला दाखवलं, हात इथे ठेवा काका, झाकणावर नाही, इथे, दांडा जिथे बाहेर जातो त्या वेष्टणावर. त्याने तळवा ठेवला. डोळे मिटले. मग म्हणाला, आहे. बारीक आहे. मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं आहे. तिने विचारलं, शिवाय एक हिरवा दिवा लावून देऊ का, चालू असल्याचा? तर म्हणतो, दिवा लाव, पण लहान लाव, मी काय एसटी नाही.

स्नेहल धक्क्यावर उतरली, मी वर गेलो. त्याच्या मनगटाला दोरी बांधलीच होती, सवयीने, कुणी सांगितलं नव्हतं. एक हिसका. होडी निघाली. काय सांगू तुला सुमे, आवाजच नाही. पाणी फळीला लागतं त्याचा आवाज येतो, हे मी बाबांच्या वल्ह्यानंतर पहिल्यांदा ऐकलं. काठावर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा धपधप येत होता. मधल्या वाळूच्या पट्ट्याजवळ आलो, तिथे आता ओहोटीला पाणी उथळ असतं, तर मी नेहमीसारखा खच्चून ओरडलो, दाऊद, वाळू आली, हळू घे. ओरडायची सवय माझी, त्याला कधी ऐकू जायचं नाही, पण ओरडायचो आणि मग हिसका द्यायचो. हिसका द्यायच्या आधीच होडी हळू झाली. आणि खालून डोकं वर आलं, चिडलेलं, म्हणाला, एवढा ओरडतोस कशाला? काठावरची माणसं म्हणतील मालक ड्रायव्हरला शिव्या घालतोय.

मग त्याच्या लक्षात आलं, हिसका आलाच नव्हता. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि होडी चालली आपली आपण.

मग बोललो आम्ही. एवढी वर्षं एका होडीवर, जाता-येता रोज, पण होडी चालू असताना एक शब्द बोललो नव्हतो, बोलणारच कसं. आणि पहिलं काय बोलावं त्याने? मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. म्हणाला, लतावहिनीच्या गुडघ्याचं काय झालं? मी सांगितलं, मोठ्याने सांगावं लागलं, पण सांगितलं, तेल लावतेय, जिना टाळतेय. म्हणाला, हलीमाकडे एक लेप आहे, पाठवतो. मग म्हणाला, आज जेवायला काय? मी म्हटलं तिसऱ्या. म्हणाला, आमच्याकडे मुळे, दोन्ही खाडीतल्या शिंपल्याच. पलीकडच्या काठाला लागलो, कुणी आलंच नव्हतं, आवाज नाही तर येणार कसं, सगळी वाडी घरात. रिकाम्या धक्क्याला रिकामी होडी लागली आणि आम्ही दोघं तिसऱ्या की मुळे यावर बोलतोय. परत येताना ओढ उलटी होती, मी दोन हिसके आणि एक असं काहीतरी केलं, अजून ठरलं नव्हतं ना क्लचचं, पण त्याला कळलं, त्याने डिझेल लावलं, आणि पाय टेकून असा हसला जसा माहेरचा माणूस भेटला.

तेव्हा ठरलं. दुसऱ्या प्रकारचं घ्यायचं. मी म्हणत होतो पहिल्यात आवाज कमी. दाऊद म्हणाला, नाही, त्यात वायर बिघडली तर डिझेल असून पंखा फिरणार नाही, आणि वीस माणसं खाडीच्या तोंडाशी असताना वायर मला नको, दांडा हवा. स्नेहल म्हणाली, काका बरोबर बोलतात. मग मी अट घातली, डिझेलच्या खणाला जाड वेष्टण, आणि डिझेल चालू असेल तेवढा वेळ कानावर आवाज बंद करणारे मोठे टोप. यावर तो जो चिडला, म्हणाला, लोक म्हणतील बहिऱ्याच्या कानावर झाकण कशाला, भांडं रिकामं आहे की. पण भाभीने हो म्हणून टाकलं त्याच्या वतीने. बॅटऱ्या कुठे ठेवायच्या तेही ठरलं. तळाशी नीरमाचे दगड आहेत ना, होडी डोलू नये म्हणून बाबांनी घातलेले काळे दगड, त्यातले काढायचे आणि त्या वजनाच्या बॅटऱ्या, पण तळाला नाही, तिथे पाणी साठतं, त्याच्यावर फळीचा माळा करून. आणि पलीकडच्या वाडीसाठी भोंगा. भोंगा कुठला यावर मात्र दोन्ही काठांचं एकमत नाही, ते होईल गणपतीपर्यंत.

कुवेतच्या मुलाला फोन केला त्याने, माझ्यासमोर. म्हणाला, येईन महिनाभर पाहुणा म्हणून, पावसाळ्यात, होडी बंद असते तेव्हा. पण हा पावसाळा नाही, या पावसाळ्यात काम आहे.

आता काम काय ते तुला सांगतो, म्हणजे तुझ्या वहीला बरं वाटेल. नवं इंजिन नारळी पौर्णिमेच्या आधी येईल. त्याआधी म्हातारा काढला पाहिजे, त्याखालचा लाकडाचा बिछाना मोजून नवीन केला पाहिजे, सुतार येऊन दोनदा परत गेला. म्हाताऱ्याला बिछान्याला धरून चार मोठे नट आहेत, ते सोडवायचे. ते मीच सोडवणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं दाऊदने सांगितलंय. रोज पाऊस उघडला की पाना घेऊन जातो, होडीत चढतो, नटांवर तेल सोडतो, फडक्याने म्हाताऱ्याला पुसतो, आणि येऊन सांगतो, गंज फार धरलाय, मुरायला हवं. आता त्याचं तोंड होडीकडे आहे म्हणून सांगतो, काल तो नमाजाला गेलेला तेव्हा मी चढून बघितलं. गंज कसला, नट असे आहेत की हाताने फिरतील. मी पाना उचलला पण नाही. होता तिथेच राहू दिला आणि खाली उतरलो.

देव त्याचा अर्धा कान तेवढा सांभाळो, बाकी आमचं आम्ही बघून घेऊ. सुताराला मी निरोप दिलाय, या आठवड्यात नको. तू तुझ्या यादीत लिही: म्हाताऱ्याचे नट सोडवणे, दाऊद, बाकी.